गळक्या इंधन-टाकीला डाग नको, नवी टाकी बसवा

शेतात माल पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर बाजारात पोहोचविणेही महत्त्वाचे आहे. एके काळी हे काम बैलगाडी करीत असे. आता ते बहुतांशी छोट्या मालवाहू मोटारगाडीकडे आले आहे. तिला कोणी टेम्पो म्हणतात, कोणी पिकअप, तर कोणी व्हॅन. नारायणगावचा टोमॅटो असो, पुरंदरचे अंजीर असो की दूध संस्थेचे कॅन असोत, गाडी वाटेत अडली की मालाचा भाव घसरतो आणि नाशवंत माल तर हातचा जातो.

बैलाला दुखणे आले की चाणाक्ष शेतकरी ते त्याच्या रवंथावरून ओळखतो. गाडीचेही तसेच आहे. सकाळी गाडी हलविल्यावर जमिनीवर तेलकट डाग दिसणे, मालाच्या हौद्यापाशी डिझेलचा वास येणे, फेऱ्या तेवढ्याच असूनही डिझेल अधिक लागणे, ही इंधन-टाकी गळू लागल्याची लक्षणे होत. सेकंदाला एक थेंब ही गळती डोळ्यांना क्षुल्लक वाटते. परंतु ३० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर तासाला १२० मिलिलिटर आणि २४ तासांत जवळजवळ ३ लिटर डिझेल मातीत जाते. शिवाय रस्त्यावर सांडलेले डिझेल मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास घसरवून पाडते, आणि विहिरीजवळ मुरलेले डिझेल पाणी नासविते.

अशा वेळी पुष्कळदा साबणाचा गोळा लावून काही दिवस काढले जातात आणि नंतर टाकी उतरवून वेल्डिंगच्या दुकानात डाग देण्यासाठी नेली जाते. पहिला उपाय निरुपयोगी आहे. दुसरा जिवावर बेतणारा आहे. गंजून गळणारी टाकी बदलणे हाच खरा उपाय होय. ते काम कसे करावे याची माहिती येथे दिली आहे.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक

टाकी रिकामी केली म्हणजे भय संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. द्रवरूप इंधन स्वतः पेट घेत नाही. त्याची वाफ हवेत मिसळल्यावर पेट घेते. पेट्रोलची वाफ हवेत शेकडा सुमारे १.४ ते ७.६ या प्रमाणात असली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. ४० लिटरच्या रिकाम्या टाकीत असे मिश्रण तयार होण्यास चहाचा एक चमचाभर पेट्रोल पुरते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच थोडी असते. रिकाम्या टाकीत ती भरपूर असते.

डिझेल पेट्रोलइतके लवकर पेटत नाही, हे खरे. परंतु त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलची वाफ ठिणगीने भडकू शकेल असे तापमान किमान ३५ अंश सेल्सिअस असावे लागते; म्हणजे ते ३५ अंशांच्या खाली असू नये, एवढीच हमी आहे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हवाच ४० अंशांच्या वर जाते. उन्हात तापलेला पत्रा तर हाताला चटका देतो. त्यातच वेल्डिंगची ज्योत लागली, की पत्र्याच्या जोडात आणि गंजाच्या पापुद्र्यात दडून राहिलेल्या डिझेलची वाफ होऊन टाकी भरते व त्याच ज्योतीने पेट घेते. बंद भांड्यातील हा जाळ बाहेर पडण्यास वाट शोधतो आणि समोर असतो तो वेल्डिंग करणारा मनुष्य.

टाकी पाण्याने धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली, वास येत नाही, यांपैकी कोणतीही गोष्ट ती सुरक्षित झाल्याची खूण नव्हे. शिवाय गंजलेला पत्रा सर्वत्र पातळ झालेला असतो. एका भोकाला डाग दिला तरी शेजारी दुसरे भोक पडण्यास फार दिवस लागत नाहीत. म्हणजे जोखीम प्राणाची आणि लाभ चार दिवसांचा, असा हा व्यवहार आहे.

टाकी का गळते?

टाकीचा पत्रा बाहेरून आणि आतून अशा दोन्ही बाजूंनी गंजतो. टाकी व तिला धरून ठेवणारे लोखंडी पट्टे यांच्या फटीत चिखल साचतो आणि पावसाळाभर तो ओला राहतो. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे गंज अधिक वेगाने चढतो. शेतकऱ्याच्या गाडीला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खत. पोती वाहताना सांडलेले खताचे दाणे हौद्याच्या फटींतून खाली टाकीवर पडतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत रासायनिक दृष्ट्या मिठाच्याच जातीचे आहे. ओलावा मिळताच ते लोखंड खाऊ लागते. अमोनियम सल्फेटही पत्र्यास अपायकारक आहे.

आतील गंजाचे कारण पाणी होय. टाकी अर्धी रिकामी असली की उरलेल्या जागेत दमट हवा शिरते. रात्री पत्रा थंड झाला म्हणजे त्या हवेतील बाष्पाचे थेंब आतून धरतात व खाली ओघळतात. डिझेलच्या एका लिटरचे वजन सुमारे ८३० ग्रॅम असते. पाणी त्याहून जड असल्यामुळे ते तळाशी बसते आणि तळाचा जोड कुजवते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून काळपट बुळबुळीत गाळही तयार होतो व गाळणी तुंबते. घरी पिंपात साठविलेले डिझेल पावसात उघड्यावर उभे ठेवल्यास तोटीच्या झाकणाभोवती साचलेले पाणी आत ओढले जाते आणि पुढे तेच पाणी गाडीच्या टाकीत जाते.

गळती नेमकी कोठे आहे?

खर्चात पडण्यापूर्वी दोष टाकीचाच आहे याची खात्री करून घ्यावी. टाकीचा खालचा भाग व नळ्यांचे जोड फडक्याने पुसून कोरडे करावेत आणि त्यांवर खडूची भुकटी लावावी. थोड्याच वेळात भुकटी जेथे ओली होईल तेथे गळतीचे मूळ सापडेल. गाडी उभी असतानाही तळ ओला होत असेल, तर टाकीचा पत्रा गेला असे समजावे. टाकी काठोकाठ भरल्यावरच डिझेल येत असेल, तर भरण्याच्या तोंडाची रबरी नळी किंवा वरचा जोड तपासावा. इंजिन चालू असतानाच गळत असेल, तर नळी किंवा तिची पकड सैल असण्याचा संभव अधिक. एखादी नळी बदलून जे काम भागते, त्यासाठी टाकी बदलणे अनाठायी होय.

नवी टाकी निवडताना

नवी टाकी घेताना गाडीचे नोंदणी पुस्तक जवळ ठेवावे व चासी क्रमांकावरून त्याच बनावटीची टाकी मागावी. लांबी-रुंदी, पट्ट्यांच्या जागा, नळ्यांची तोंडे आणि मीटरच्या तरंगत्या गोळ्याचे छिद्र जुन्या टाकीशी ताडून पाहावे. पट्ट्यांखालील रबर, नळ्या, त्यांच्या पकडी, वॉशर व डिझेल फिल्टर हे सर्व नवे घ्यावे. टाकीच्या मानाने त्यांची किंमत अल्प असते. परंतु जुनी नळी नव्या टाकीला लावल्यास सर्व श्रम वाया जाण्याचा संभव असतो.

स्थानिक कारागिराकडून जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची टाकी करून घेण्याचा मोह टाळावा. असा पत्रा पाण्यास उत्तम. परंतु डिझेलमध्ये जस्त थोडेथोडे उतरते व त्याचा साका फिल्टर आणि इंजेक्टर यांत बसतो. अधिक डिझेल मावावे म्हणून मोठी किंवा जादा टाकी बसविणेही अयोग्य आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याच्या मूळ नमुन्यात परस्पर बदल करता येत नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. पुढील कृती डिझेलवर चालणाऱ्या गाडीसाठी असून ती जाणत्या फिटरच्या हाताखालीच करावी. अनेक पेट्रोल गाड्यांत विजेचा पंप टाकीच्या आतच असतो व नळ्यांत दाब असतो. पेट्रोल व सी.एन.जी. गाड्यांचे काम कंपनीच्या मान्यताप्राप्त कार्यशाळेकडेच सोपवावे.

पूर्वतयारी

काम मोकळ्या व सावलीच्या जागी करावे. जवळ चूल, विजेची मोटर, वेल्डिंगचे यंत्र किंवा विडी ओढणारा मनुष्य नसावा. मुले व जनावरे दूर ठेवावीत. कोरड्या भुकटीचे अग्निशामक उपकरण आणि वाळूच्या दोन बादल्या हाताशी असाव्यात. पेटलेल्या डिझेलवर पाण्याचा फवारा मारू नये. डिझेल पाण्यावर तरंगते व आग पसरते.

गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून चाकांना उटी लावावी. इंजिन व सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्यावे. चावी बंद केल्यानंतर काही मिनिटे थांबून बॅटरीची वजा बाजूची तार सोडवावी. गाडी उचलावी लागल्यास नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही तिच्याखाली जाऊ नये. जॅकने उचललेली गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी व मगच खाली शिरावे. विटा किंवा दगड यांचा टेकू देऊ नये. ते भाराखाली अकस्मात फुटतात.

जुनी टाकी उतरविणे

डिझेल कमी उरलेले असताना काम काढणे सोयीचे असते. १० लिटर डिझेल म्हणजे ८ किलोहून अधिक वजन, आणि टाकी कलताच ते एका बाजूस धावते. म्हणून प्रथम तळाच्या बुचातून सर्व डिझेल झाकणाच्या स्वच्छ धातूच्या डब्यात काढून घ्यावे. दुधाचा कॅन किंवा पिण्याच्या पाण्याची बाटली यासाठी कदापि वापरू नये.

तोंडाने नळी ओढून डिझेल काढण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. ती ताबडतोब बंद झाली पाहिजे. डिझेलचा घोट श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होते. चुकून कोणी डिझेल गिळलेच, तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. त्या व्यक्तीस विनाविलंब रुग्णालयात न्यावे. डिझेल काढण्यासाठी हाताने चालविण्याचा पंप वापरावा.

नळ्या सोडविण्यापूर्वी टाकीवरची माती ब्रशने झाडून घ्यावी. इंजिनाकडे जाणारी नळी, इंजिनाकडून परत येणारी नळी आणि हवेची नळी यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधावेत, म्हणजे जोडताना घोटाळा होत नाही. सोडविलेल्या प्रत्येक नळीचे तोंड स्वच्छ बुचाने बंद करावे. हा नियम किरकोळ नाही. आजच्या डिझेल इंजिनात इंधन हजार बारहूनही अधिक दाबाने फवारले जाते आणि इंजेक्टरमधील फटी केसाहून कितीतरी बारीक असतात. मातीचा एक कण तेथे पोहोचला तर टाकीपेक्षा मोठा खर्च उभा राहतो.

त्यानंतर मीटरची तार व भरण्याची रबरी नळी सोडवावी. टाकीखाली जॅकवर रुंद फळी ठेवून टाकीस आधार द्यावा आणि मगच पट्ट्यांचे नट ढिले करावेत. नट गंजून बसले असल्यास गंज सैल करणारे तेल आदल्या दिवशी सोडून ठेवावे. ज्योतीने तापवून किंवा चक्रीने कापून नट काढण्याचा प्रयत्न करू नये. दोघांनी मिळून टाकी सावकाश उतरवावी.

नवी टाकी बसविणे

टाकी उतरल्यावर चासीचा तो भाग स्वच्छ करून गंजरोधक रंग द्यावा व रंग पूर्ण वाळू द्यावा. पट्टे फार गंजले असल्यास तेही बदलावेत. नव्या टाकीत डोकावून धूळ, पत्र्याचे कीस किंवा वेष्टणाचे तुकडे राहिले आहेत काय हे पाहावे. लिटरभर स्वच्छ डिझेल आत घालून हलवावे व बाहेर काढून टाकावे. तंतू सुटणारी चिंधी आत फिरवू नये.

मीटरचा तरंगता गोळा नव्या वॉशरसह बसवावा व तो अडथळ्याशिवाय वरखाली होतो हे पाहावे. पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये रबर असलेच पाहिजे. लोखंडावर लोखंड घासले तर वर्षा-दोन वर्षांत तेथेच भोक पडते. पट्टे दोन्ही बाजूंनी थोडेथोडे व सारखे आवळावेत. पत्रा चेपेल इतका जोर लावू नये. टाकी सायलेन्सरला किंवा चासीच्या धारेला कोठेही टेकता कामा नये.

नळ्या दोऱ्यांच्या रंगांप्रमाणे जोडाव्यात. कोठे पीळ किंवा मुरड नसावी. हवेच्या नळीकडे विशेष लक्ष द्यावे. ती बंद राहिल्यास डिझेल कमी होताना आत हवा जाऊ शकत नाही, इंजिनास डिझेल ओढता येत नाही व चालती गाडी चढावर बंद पडते. भरण्याची नळी तोंडापासून टाकीकडे सतत उताराची असावी.

चाचणी

प्रथम केवळ १० लिटर डिझेल घालून तळ व खालचे जोड कोरडे आहेत याची खात्री करावी. नवा फिल्टर बसवावा, मग बॅटरीची तार जोडावी. आता इंधनमार्गात शिरलेली हवा काढावयाची असते. जुन्या धाटणीच्या इंजिनात फिल्टरजवळच्या हातपंपाने, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत पंप मारावा व हवेचा स्क्रू आवळावा. नव्या धाटणीच्या इंजिनात गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली पद्धतच पाळावी. इंजिन चालू असताना दाबाची नळी कधीही सैल करू नये; त्या दाबाचा डिझेलचा फवारा कातडी भेदून आत शिरतो. हवा न काढता स्टार्टर सतत फिरवीत राहणेही वाईट, कारण अशा पंपास वंगण डिझेलचेच मिळते.

इंजिन पंधरा मिनिटे चालवून सर्व जोड पुन्हा कोरड्या फडक्याने पुसून पाहावेत. त्यानंतर टाकी पूर्ण भरून वरचे जोड तपासावेत. सुमारे ५० किलोमीटर गाडी रिकामी चालविल्यावर पट्ट्यांचे नट एकदा पुन्हा आवळावेत. एवढी परीक्षा झाल्यावरच गाडीत माल भरावा.

जुन्या टाकीचे काय करावे?

खेड्यात कोणतीही वस्तू सहसा वाया जाऊ देत नाहीत. जुनी टाकी कापून जनावरांसाठी पाण्याची डोणी करावी, चुलीवर पाणी तापवावे किंवा तीत फवारणीचे औषध कालवावे, असे विचार सहज मनात येतात. ते सर्व सोडून द्यावेत. गॅसने किंवा चक्रीने कापताना ती फुटू शकते, आणि तिच्यातील तेलकटपणा कितीही धुतले तरी पुरता जात नाही. टाकीवर ‘डिझेलची टाकी, ज्योत लावू नये’ असे मोठ्या अक्षरांत रंगवून ती मोडवाल्याकडे द्यावी व तोंडीही सांगावे. आपल्या घरचे संकट दुसऱ्याच्या दारी अजाणता पाठविणे योग्य नव्हे. डिझेलने भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. काढलेले गाळाचे डिझेल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये.

पुढील निगा

नवी टाकी दीर्घकाळ टिकावी यासाठी काही सवयी लावून घ्याव्यात. शक्यतो संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्री आत दमट हवेला जागा राहत नाही. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठरावीक काळाने सोडावे. खत वाहताना हौद्यात जाड ताडपत्री अंथरावी आणि त्याच दिवशी गाडीची खालची बाजू पाण्याने धुवावी. मृगापूर्वी एकदा व दिवाळीच्या सुमारास एकदा पट्ट्यांखालील चिखल काढून पत्रा पाहावा. झाकणाचे रबर फाटले असल्यास बदलावे. घरी डिझेलचे पिंप असल्यास ते छपराखाली ठेवावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत बियाणे व खते यांबरोबर वाहनांच्या तपासणीचाही विषय घ्यावा. गावातील मालवाहू गाड्यांचे चालक, फिटर व वेल्डिंगचे दुकानदार यांना एकत्र बोलवावे. खडूच्या भुकटीने गळती शोधण्याचे प्रात्यक्षिक पाच मिनिटांत करून दाखविता येते. वेल्डिंगच्या दुकानदारास रिकाम्या टाकीचा धोका समजावून सांगणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण गिऱ्हाईक आग्रह धरते आणि जोखीम तोच पत्करतो. ‘इंधनाच्या टाकीस डाग दिला जाणार नाही’ अशी पाटी प्रत्येक दुकानावर लागली, तर ते कार्यकर्त्याच्या कामाचे मोठे फळ मानावे.

टाकी बदलण्यास एक दिवस मोडतो व पैसा लागतो, हे खरे. हंगामाच्या ऐन गर्दीत तो दिवस काढणे कठीण वाटते. म्हणूनच पहिला ओला डाग दिसताच, हंगाम दूर असतानाच हे काम उरकावे. एका दिवसाची खोटी भरून निघते. डाग देताना फुटलेल्या टाकीने केलेली हानी कोणत्याही पिकाच्या पैशातून भरून निघत नाही.